काएकिलियसची पेटी आणि शाळेतला खड्डा

१८७५ च्या जुलै महिन्यात पॉम्पेईतल्या एका घराची माती उपसताना मजुरांना एक लाकडी पेटी लागली. लाकूड जळून कोळसा झालं होतं. आत दीडशेच्या वर पाट्या होत्या. त्यांच्यावरचं मेण केव्हाच नाहीसं झालेलं, पण लिहिणाऱ्यानं टोकदार लेखणी दाबून चालवल्यामुळे अक्षरांचे ओरखडे खालच्या लाकडात उतरले होते. ते वाचले गेले तेव्हा कळलं, की घर लुसियस काएकिलियस युकुंडस या माणसाचं होतं. धंद्यानं तो लिलावातला अडत्या. कुणी गुलाम विकला, कुणी घरातलं सामान विकलं, की विकणाऱ्याला पैसे चुकते करायचे, घेणाऱ्याकडून नंतर वसूल करायचे आणि मधली अडत ठेवायची. पेटीतल्या बहुतेक पाट्या म्हणजे या व्यवहारांच्या पावत्या आहेत, साक्षीदारांच्या नावांसकट. सगळ्यांत जुनी पावती इ.स. १५ ची, खेचर विकल्याची, ५२० सेस्टर्सची. ती याच घराण्यातल्या काएकिलियस फेलिक्सच्या नावावर आहे. नगरपालिकेच्या मालकीचं कपडे धुण्याचं ठिकाण युकुंडसनं भाडेपट्ट्यानं घेतलं होतं, त्याच्या भाड्याच्याही पावत्या आहेत. पावत्या इ.स. ६२ मध्ये थांबतात. त्याच सुमारास पॉम्पेईला मोठा भूकंप झाला होता. युकुंडस त्यात गेला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं.

सुमारे शंभर वर्षांनी हाच माणूस इंग्लंडमधल्या लाखो मुलांना लॅटिनच्या पहिल्या धड्यात भेटू लागला. १९७० मध्ये निघालेल्या ‘केंब्रिज लॅटिन कोर्स’चं पहिलं पुस्तक त्याच्या घरात घडतं. बागेत बसलेला काएकिलियस, त्याची बायको मेटेल्ला, मुलगा क्विंटस, स्वयंपाकी ग्रुमिओ, दारातला कुत्रा. पुस्तकानं त्याला इ.स. ७९ पर्यंत जिवंत ठेवलं आहे आणि बाराव्या टप्प्यात व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत तो मरतो. माझ्या वर्गातली मुलं तो धडा वाचून सुन्न होतात. मग मी त्यांना पेटीची गोष्ट सांगते, पावत्यांचे फोटो दाखवते, आणि ज्याच्यासाठी ती हळहळली तो माणूस खरोखर होता हे त्यांना कळतं.

मी पुण्यात संस्कृत घेऊन बी. ए. झाले. लग्नानंतर इंग्लंडला आले, इथे लॅटिन शिकले, आणि गेली बरीच वर्षं हर्टफर्डशरमधल्या एका शाळेत तेच शिकवते आहे. लॅटिन शाळांमधून गेलं कसं आणि उरलं कसं हे मी आतून पाहिलं आहे. माझं मत असं झालं आहे, की लॅटिनला शाळेत मातीनं तारलं.

आधी ते व्याकरणानं चालत होतं. बेंजामिन हॉल केनेडी यांचं लॅटिन व्याकरण १८६६ मध्ये आलं, त्याची सुधारित आवृत्ती १८८८ मध्ये, आणि इंग्लंडच्या कित्येक पिढ्यांनी त्यातली रूपं घोकली. घोकंपट्टीला मी नावं ठेवत नाही. ‘रामः रामौ रामाः’ मला आजही झोपेत म्हणता येतं आणि लॅटिनच्या विभक्त्या मला सोप्या गेल्या त्या त्यामुळेच. पण इंग्लंडमध्ये ही पाठांतराची इमारत एका अटीवर उभी होती: ऑक्सफर्ड-केंब्रिजला जायचं तर लॅटिन हवं. १९६० मध्ये त्या दोन विद्यापीठांनी ती अट काढून टाकली. मुलांनी आता लॅटिन का शिकावं, या प्रश्नाला शिक्षकांपाशी उत्तर उरलं नाही. १९६६ मध्ये नफील्ड फाउंडेशनच्या मदतीनं केंब्रिजमध्ये नव्या अभ्यासक्रमाचं काम सुरू झालं. ते करणाऱ्यांनी भाषेला पुन्हा माणसांत नेऊन बसवलं. ती माणसं त्यांना उत्खननांतून मिळाली. दुसऱ्या पुस्तकात मुलं ब्रिटनमध्ये येतात, कॉगिडुब्नुस राजाच्या महालापाशी. त्याचा म्हणून सांगितला जाणारा फिशबोर्नचा महाल १९६० मध्ये पाण्याच्या नळासाठी चर खणताना उजेडात आला होता आणि तिथलं बॅरी कनलिफ यांचं उत्खनन त्याच दशकात चाललं होतं. म्हणजे पाठ्यपुस्तक आणि खणती बरोबरीनं पुढे जात होती.

पॉम्पेईत माती आणि लॅटिन यांची गाठ त्याच्याही कितीतरी आधी पडली होती, आणि तो इतिहास मी वर्गात नेहमी थोडा थांबून सांगते. नेपल्सच्या राजानं शेजारच्या हर्क्युलेनियमला खणायला सुरुवात केली १७३८ मध्ये आणि पॉम्पेईला १७४८ मध्ये. हेतू एकच: राजवाड्यासाठी पुतळे आणि चित्रं मिळवायची. हर्क्युलेनियमच्या कठीण झालेल्या थरात भुयारं पाडायची, हाती लागेल ते ओढून काढायचं. विंकेलमान या जर्मन अभ्यासकानं १७६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रात तिथला एक प्रकार नोंदवून ठेवला आहे. भिंतीवर ब्राँझच्या अक्षरांचा एक लेख होता. खणणाऱ्यांनी तो उतरवून न घेताच अक्षरं उचकटली, टोपलीत भरली आणि राजाला नेऊन दाखवली. लेखात काय होतं ते मग कुणालाच सांगता येईना. दुसऱ्याच वर्षी, १७६३ मध्ये, पॉम्पेईच्या एका वेशीबाहेर एक शिलालेख जागेवर उभा सापडला. व्हेस्पासियन बादशहाच्या हुकमावरून सुएडियस क्लेमेन्स या अधिकाऱ्यानं लोकांनी बळकावलेली जमीन पॉम्पेईकरांच्या नगराला परत मिळवून दिली, असा त्यातला मजकूर. पंधरा वर्षं जे शहर खणलं जात होतं त्याचं नाव त्या दगडानं सांगितलं. तोवर खणणारे त्याला स्टाबियाए समजत होते.

सत्र सुरू झालं की मी पुठ्ठ्याची अक्षरं खोक्यात घालून मुलांसमोर ठेवते आणि वाचा म्हणते. कुणी त्यातून ‘रोमा’ जुळवतं, कुणी स्वतःचं नाव. सगळं जुळवून झालं की विंकेलमानचं पत्र सांगते. वस्तू जिथे होती ती जागा हाही मजकूरच असतो, हे समजायला एवढा तास पुरतो.

जागा नोंदवण्याची शिस्त पॉम्पेईला आणली ती प्रामुख्यानं ज्युझेप्पे फिओरेल्ली यांनी. १८६३ मध्ये ते तिथले प्रमुख झाले. रस्त्यावरून घराच्या पायथ्याशी शिरण्याची जुनी रीत मोडून त्यांनी घर वरून खाली, थराथरानं उघडायला लावलं, सगळ्या शहराला विभाग, गट आणि दार असे क्रमांक दिले, आणि राखेतल्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतून मेलेल्या माणसांचे आकार मिळवले. १८६६ मध्ये त्यांनी तिथेच तरुणांसाठी पुरातत्त्वाची शाळा काढली. काएकिलियसची पेटी सापडली तेव्हा ही शिस्त रुजलेली होती, म्हणून आज आपण ती पाचव्या विभागातल्या पहिल्या गटात, सव्विसाव्या दाराच्या घरात सापडली असं सांगू शकतो.

मुलांसाठी मुद्दाम रचलेलं उत्खनन मात्र अलीकडचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ‘इंटरॅक्ट’ या प्रकाशनानं १९६० च्या दशकाच्या शेवटी ‘डिग’ नावाचा वर्गात खेळायचा खेळ काढला. वर्गाचे दोन गट करायचे. प्रत्येकानं एक संस्कृती कल्पायची, तिची भाषा, देव, भांडी, खेळणी तयार करायची, वस्तू फोडून पुरायच्या. मग दुसऱ्या गटानं त्या खणायच्या आणि त्या लोकांबद्दल अनुमानं मांडायची. मला या खेळातला शेवटचा भाग फार मोलाचा वाटतो. ज्यांनी संस्कृती रचली तेच समोर बसून ऐकतात आणि आपला स्वयंपाकाचा चमचा पूजेचं उपकरण ठरलेला पाहतात. न्यूयॉर्कच्या डाल्टन शाळेनं १९९० च्या सुमारास हेच संगणकावर नेलं. ‘आर्किओटाइप’ या त्यांच्या कार्यक्रमात मुलं पडद्यावर खणत, आणि सापडलेली वस्तू काय आहे हे पुस्तकांत व संग्रहालयात जाऊन शोधत. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या पुरातत्त्व संस्थेनं १९९० मध्ये सेंट सेव्हियर्स या जुन्या चर्चमध्ये मुलांसाठी केंद्र उघडलं. २००६ पासून ते ‘डिग’ या नावानं चालतं. तिथे रोमन, व्हायकिंग, मध्ययुगीन आणि व्हिक्टोरियन काळाचे चर कृत्रिम मातीनं भरलेले आहेत. आमचा खड्डा तिथूनच सुचला.

शाळेच्या मागे लांब उडीचा जुना वाळूचा हौद पडून होता. वाळू काढून आम्ही तो थरांनी भरला. आमची शाळा सेंट ऑल्बन्सपासून जवळ आहे, म्हणजे रोमन वेरुलामियमपासून. म्हणून त्याच शहराचं एक काल्पनिक दुकान खड्ड्यात बसवायचं ठरवलं. तळाला पिवळी चिकणमाती. तिच्यावर चुनखडी आणि गारगोटी ठोकून केलेली जमीन. हे दोन्ही दगड आमच्याकडे कुठेही मिळतात. तिच्यावर विटांची भुकटी आणि कोळसा मिसळून केलेला लाल जळका थर. इ.स. ६०-६१ मध्ये राणी बौडिकानं बंड करून कोल्चेस्टर, लंडन आणि वेरुलामियम जाळली. त्या आगीचा थर तिन्ही शहरांत खणणाऱ्यांना प्रत्यक्ष लागतो. कोल्चेस्टरला त्या थरात जळलेले खजूरसुद्धा सापडले आहेत, म्हणून मी ओव्हनमध्ये खजूर काळे करून पुरते. त्याच शहरात २०१४ मध्ये एका दुकानाच्या नूतनीकरणाआधी खणताना जमिनीखाली लपवलेले सोन्याचांदीचे दागिने मिळाले. आग येते आहे हे कळल्यावर कुणीतरी ते घाईनं पुरले होते. जळक्या थरावर पुन्हा नवी जमीन, मग काळी माती, आणि सगळ्यांत वर आजचा कचरा, चिप्सच्या पिशव्यांसकट.

आता यात लॅटिन कुठे, असं पालक विचारतात. खापरात आहे. लाल झिलईची रोमन भांडी दक्षिण फ्रान्समधल्या ला ग्रोफसांक इथे मोठ्या प्रमाणावर होत आणि ब्रिटनपर्यंत येत. बुडाशी कुंभाराचा शिक्का असे. कधी कुंभाराचं नाव प्रथमेत आणि पुढे ‘फेकिट’ म्हणजे ‘यानं केलं’. कधी नाव षष्ठीत आणि आधी ‘ऑफिकिना’चं संक्षिप्त रूप ‘ऑफ’, म्हणजे अमक्याची कार्यशाळा. कधी नाव षष्ठीत आणि पुढे ‘मानू’, म्हणजे अमक्याच्या हातून. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी तसे शिक्के मारलेल्या वाट्या भट्टीत भाजून दिल्या आणि आम्ही त्या फोडल्या. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात तळहाताएवढं खापर असतं, अर्धं नाव तुटलेलं असतं, आणि शेवटचं अक्षर पाहून ते नाव कुठल्या विभक्तीत आहे हे तिला ठरवावं लागतं. कारण त्यावरून पुढे क्रियापद होतं की नव्हतं हे कळणार असतं. तक्त्यात षष्ठी शिकवायला मला आठवडा लागे. खापरावर मुलं ती स्वतः ओढून घेतात.

तसेच मासळीच्या कालवणाचे कुंभ. पॉम्पेईच्या ऑलुस उंब्रिकियस स्काउरुस या व्यापाऱ्यानं आपल्या कुंभांची चित्रं घराच्या फरशीत मोझॅइकमध्ये बसवून घेतली होती, लेबलांसकट: बांगड्याचं, उत्तम प्रतीचं, स्काउरुसचं, स्काउरुसच्या कारखान्यातून. एका लेबलात षष्ठी आणि पंचमी दोन्ही. शाप लिहिलेले शिशाचे पत्रेही आहेत. बाथच्या गरम झऱ्यात असे १३० च्या आसपास पत्रे मिळाले. चोरीला गेलेल्या अंगरख्यासाठी, हातमोज्यांसाठी देवीला घातलेली गाऱ्हाणी. शिसं मुलांच्या हाती देता येत नाही, म्हणून आम्ही ॲल्युमिनियमचा जाड पत्रा वापरतो. मुलं शाप वाचतात तेव्हा कर्मणी धातुसाधितं कुणाला जड वाटत नाहीत. चोर कोण हे शोधायचं असतं.

खड्ड्यात सगळ्यांत जास्त शिकवून जातो तो एक उकिरडा. जळक्या थराखाली मी क्लॉडियसच्या नाण्याची प्रतिकृती ठेवते. वरच्या काळ्या मातीत बसणारं नाणं व्हेस्पासियनचं, तिसऱ्यांदा कॉन्सल झाल्याचा उल्लेख असलेलं, म्हणजे इ.स. ७१ चं. पण ते मी वर ठेवत नाही. वरच्या जमिनीतून खाली, जळका थर फोडून गेलेला हा उकिरड्याचा लहान खड्डा आम्ही करून ठेवला आहे, काळ्या मातीनं भरलेला, आणि व्हेस्पासियन त्याच्या तळाशी, क्लॉडियसपेक्षाही खोल असतो. मुलं खोली मोजतात, नाण्यावरची संक्षिप्त अक्षरं सोडवतात, साल काढतात, आणि गोंधळतात. जे खोल ते जुनं, असं त्यांनी मानलेलं असतं. एका वर्षी एक गट त्यावर भांडत बसला होता. अर्ध्या मुलांचं म्हणणं, आम्ही साल चुकीचं वाचलं. त्यातला एक अबोल मुलगा चराच्या भिंतीशी उकिडवा बसून राहिला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, इथे लाल पट्टा तुटलाय. बाकीची मुलं वाकून पाहायला लागली. त्यांनी ब्रशनं कड साफ केली, तुटलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खुणेचे खिळे ठोकले, आणि मी काही न सांगता आगीनंतर कुणीतरी इथे खणलं होतं असं लिहिलं. नाण्यावरचं साल त्यांनी बरोबरच वाचलं होतं. भाषेनं सांगितलेलं आणि मातीनं सांगितलेलं जुळेना, तेव्हा त्यांनी दोन्ही पुन्हा तपासलं. मला याहून मोठं काही शिकवायचं नाही.

वेरुलामियम मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी खणलं, आणि या व्हीलर पती-पत्नींमुळे माझ्या इथल्या कामाचा धागा घरापर्यंत जातो. त्यानंतर त्यांनी दक्षिण इंग्लंडमध्ये मेडन कासल खणलं, तेव्हा लंडनमध्ये शिकणारे ह. धी. सांकळिया त्या उत्खननात काम शिकले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पिढ्या घडवल्या. मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले, तक्षशिलेला त्यांनी तरुणांसाठी प्रशिक्षण शाळा भरवली आणि १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला रोमन खापरांच्या आधारानं दक्षिण भारतातल्या थरांचा काळ ठरवला. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीवर १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी खणलं. त्याआधीच त्या टेकडीवर ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला होता आणि त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन मूर्ती होती. लहानपणी कोल्हापूरला आजोळी गेले की मामा मला टाउन हॉलच्या संग्रहालयात ती दाखवायला नेत.

वर्गात मी पॉम्पेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्तीही दाखवते. १९३८ मध्ये अमेदेओ मायूरी यांना ती मिळाली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, अंगभर दागिने, दोन बाजूंना छोट्या दासी. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. भोकरदनची पांढर १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी खणली. आपल्या कारागिरांनी मूर्तीवर साल लिहिलं नाही. पण पॉम्पेईची मूर्ती इ.स. ७९ च्या राखेखाली होती, म्हणजे ती त्याआधीची. सातवाहनकाळच्या या हस्तिदंती कामाला एका ज्वालामुखीनं वरची मर्यादा घालून दिली. या मूर्तीची प्रतिकृती माझ्याकडे आहे, पण ती मी खड्ड्यात पुरत नाही. वेरुलामियमच्या मातीत तिचं काही काम नाही, आणि जे तिथे नव्हतं ते तिथे होतं असं मुलांना मातीनं सांगता कामा नये. तिच्यासाठी पॉम्पेई, तेर आणि भोकरदनचे नकाशे टेबलावर पसरून वेगळा तास घेते.

पुरातत्त्वज्ञांपैकी अनेकांना मुलांच्या हाती करणी देणं पसंत नाही. मुलं खजिना शोधायला शिकतील, उद्या शेतात जाऊन खणतील, अशी त्यांची भीती आहे, आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. इंग्लंडमध्ये धातुशोधक घेऊन रानात फिरणारे हजारो हौशी लोक आहेत. १९९६ चा खजिन्याचा कायदा आणि पुढच्या वर्षी सुरू झालेली पुरावस्तू नोंदणीची योजना त्यामुळेच आली. या भीतीवर माझं उत्तर नियमात आहे. आमच्या खड्ड्यातून कुठलीही वस्तू दोरीच्या चौकोनावरून जागा मोजल्याशिवाय, खोली लिहिल्याशिवाय आणि थराचा क्रमांक टाकल्याशिवाय उचलायची नाही. वस्तू सापडल्याबद्दल गुण नाहीत. नोंदीला आहेत.

आणि त्या नोंदींची परीक्षा मी घेत नाही, पुढचा वर्ग घेतो. सत्र संपलं की खड्डा रिकामा असतो, वस्तू खोक्यात असतात, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना आधीच्या वर्गाच्या वह्या देऊन मी सांगते: यावरून दुकान पुन्हा भरा. जिथे नोंद नीट आहे तिथे खापर पूर्वीच्या जागी जातं. यंदा एका वहीत व्हेस्पासियनच्या नाण्यापुढे थर लिहिलेला होता, खोली नव्हती. मुलांनी नोंद करणाऱ्या मुलीला गाठलं. ती आता वरच्या इयत्तेत आहे. नाणं कुणी काढलं ते तिला आठवत होतं, किती खोल होतं ते नाही. माझ्याकडे मूळ आराखडा आहे हे मुलांना ठाऊक होतं, पण त्यांनी तो मागितला नाही. वर्गात मत घेऊन त्यांनी ठरवलं, की नाणं यंदा खड्ड्यात जाणार नाही. ते खोक्यातच आहे, वर चिठ्ठी लावून: ‘लोकुस इग्नोतुस’, जागा अज्ञात.